मोकळी केलेली जागा

१

आमच्या धंद्यात ‘जागा’ हा शब्द दिवसातून शंभरदा येतो. प्रोग्रामला काम करायला मेमरी लागते. ती मागून घ्यायची म्हणजे जागा घ्यायची, आणि काम झालं की परत द्यायची म्हणजे जागा मोकळी करायची. सी भाषेत हे सगळं आपलं आपण करावं लागतं, मागून आवरायला कुणी येत नाही. माझी ताई म्हणते, “आयुष्यभर जागा घेतोस नि सोडतोस, पण स्वतःला धड एक बाल्कनीची जागा घेता आली नाही तुला.”

मी बावन्न वर्षांचा आहे. ताई मला अजून बारक्या म्हणते. ती एकसष्टची. काचबिंदूनं तिची दृष्टी आधी अर्धी आणि तीन वर्षांपूर्वी पूर्ण नेली. आमच्याकडे राहायला ये म्हणून मी हात जोडले, बायकोनं हात जोडले, पण ताई बधली नाही. “मला दिसत नाही, बाकी सगळं येतं,” म्हणाली. शेवटी मी तिला अशा इमारतीत जागा बघून दिली जिथल्या दाराची यंत्रणा आमच्या कंपनीची आहे. नववा मजला, नऊशे तीन. सात महिने झाले.

यंत्रणा सोपी आहे. खाली लॉबीच्या काचेच्या दाराबाहेर बटणांचं पॅनेल असतं. आलेल्या माणसानं घराचा नंबर दाबायचा आणि बोलायचं. त्याचा आवाज तळघरातल्या सर्व्हरकडे जातो, सर्व्हर तो घरातल्या रिसीव्हरला पाठवतो, आणि घरातल्यानं आवाज ओळखला की बटण दाबून खालचं दार उघडायचं. या सर्व्हरचा प्रोग्राम माझा आहे. अकरा वर्षांपूर्वी लिहिला, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मीच, आणि या गोष्टीचा मला अभिमान होता हे लपवत नाही.

सामान लावून झालं त्या दिवशी मी ताईचा हात रिसीव्हरवर ठेवला आणि म्हणालो, “तुझ्या ओळखीच्या आवाजाशिवाय इथे कुणी वर येणार नाही. माझा शब्द.”

“शब्द दिलास तर झालं,” ताई म्हणाली.

साफसफाईच्या बाईकडे स्वतःचं कार्ड आहे. पार्सलं वॉचमन ठेवून घेतो. म्हणजे नऊशे तीनचं बटण दाबून बोलणारा माणूस एकच, मी. मंगळवारी आणि शुक्रवारी साडेपाचला. बटण दाबायचं, “ताई, मी आहे गं, उघड,” म्हणायचं, दार टक् करतं, मी वर जातो. चाळीस मिनिटं बसतो. कधी कधी पस्तीस.

२

त्या शुक्रवारी मी पान्हा आणि नवा वायसर घेऊन गेलो होतो. बाथरूमचा नळ महिनाभर टपकत होता आणि मी महिनाभर ‘पुढच्या वेळी नक्की’ म्हणत होतो. ताईला टपटप फार ऐकू येते. रात्री ती दार लावून, कानावर उशी घेऊन झोपायची.

बाथरूममध्ये गेलो तर नळ कोरडा. हात खाली धरून मिनिटभर थांबलो. थेंब नाही.

“ताई, नळ कुणी दुरुस्त केला?”

“तूच की. बुधवारी.”

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, चेहरा माझ्याकडे, थोडा कलता. ऐकायचं असतं तेव्हा ती असा चेहरा करते.

“मी बुधवारी आलोच नव्हतो.”

“असं?” ताई म्हणाली. “मग दुसऱ्या कुणी केला असेल.”

हे तिनं इतक्या सहज म्हटलं की मीही सहजच घेतलं. साफसफाईच्या बाईनं कुणाला तरी बोलावलं असेल. खिशातला वायसर खिशातच राहिला. घरी जाताना मात्र डोक्यात दुसरा विचार आला, आणि तो नळापेक्षा वाईट होता. ताईचं वारांचं गणित चुकायला लागलं की काय? बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, डॉक्टरांना दाखवून घेऊ. एकसष्ट म्हणजे काही वय नाही, पण एकटं राहिलं की माणसाला दिवस सारखेच वाटतात.

मला खरं तर त्यात थोडं बरंही वाटलं, हे आता कबूल करतो. ताई विसरायला लागली असेल तर तिला आमच्याकडे आणायला एक कारण मिळत होतं.

३

सोमवारी ऑफिसात त्या इमारतीच्या वॉचमनचा फोन आला. म्हातारा माणूस आहे, नेटका. पॅनेल रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसतो.

“साहेब, ते नऊशे चारचं बटण बंद करायचं राहिलंय.”

“नऊशे चार रिकामं आहे ना?”

“आठ महिने झाले. जागा मोकळी करून गेले ते लोक. पण आज पुसताना बटण दाबलं गेलं आणि आतून तुमच्या ताई बोलल्या. म्हणाल्या, आज कसा आलास?”

मी म्हटलं बघतो. फोन ठेवला आणि कोड उघडला.

चूक सापडायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत, आणि सापडल्यावर कान गरम झाले. सर्व्हर प्रत्येक घरासाठी मेमरीत थोडी जागा घेतो. नऊशे चारचे लोक गेले तेव्हा त्यांचं नाव यादीतून निघालं आणि जागा मोकळी झाली. पण पॅनेलवरच्या बटणाकडे त्या जागेचा जो पत्ता लिहिलेला होता, तो पुसायचा राहिला. महिन्यानं ताई राहायला आली. तिच्यासाठी सर्व्हरनं जागा मागितली आणि त्याला नेमकी तीच मिळाली, नुकतीच मोकळी झालेली. तेव्हापासून एका जागेचे दोन पत्ते होते. नऊशे तीन दाबा किंवा नऊशे चार, वाजायचं ताईकडेच.

नवीन पोरांना शिकवताना मी पहिल्याच दिवशी सांगतो की जागा मोकळी केली की तिचा पत्ता त्याच क्षणी पुसायचा. तेही फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून.

४

आमच्याकडे चाचणीला एक मुलगी आहे. तिला सगळे भिंग म्हणतात, तिच्यासमोरसुद्धा. तिला चूक दाखवावी लागत नाही, ती वासावर येते. माझा चेहरा बघूनच ती खुर्ची ओढून शेजारी बसली. मी पुसायच्या राहिलेल्या पत्त्याची गोष्ट सांगितली. तिनं मान हलवली आणि वीस ओळी खाली बोट ठेवलं.

“सर, हे काय?”

“तो आवाज घेणारा भाग आहे.”

“किती बाइट आले ते इथे कळतं. तुम्ही ते बघतच नाही आहात.”

“बघायची गरज काय? आवाजाचं पाकीट ठरलेल्या मापाचं असतं.”

“माणूस ठरलेल्या मापाचं बोलतो का?”

ती बरोबर होती. नवीन आवाज जुन्या आवाजाच्या डोक्यावर लिहिला जातो. नवीन लांबीला कमी पडला, तर जुन्याचं उरलेलं मागे तसंच राहतं. आणि मी दर वेळी अख्खी जागा पुढे पाठवत होतो, नवं-जुनं सगळं मिळून. वर्दळीच्या घरात हे कुणाच्या लक्षात येत नाही, शेवटी जरा खरखर होते इतकंच. अकरा वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

“आणि समजा काहीच आलं नाही?” भिंग म्हणाली. “शून्य बाइट?”

“शून्य म्हणजे बटण दाबणारा न बोलताच निघून गेला.”

“ते कळलं. पण तुमचा प्रोग्राम काय करेल?”

“जुनं आहे तेच पाठवेल. पूर्ण.”

तिनं सर्व्हरच्या नोंदी मागवल्या. दोन महिन्यांच्या असतात, त्याआधीच्या पुसल्या जातात. तिनं शून्य बाइटच्या ओळी वेगळ्या काढल्या. मला वाटलं शंभर-दोनशे निघतील, पोरं बटणं दाबून पळतात. तेवढ्या निघाल्याही, पण त्या वेगवेगळ्या घरांच्या, वाटेल त्या वेळेच्या. त्यातल्या नऊ ओळी तिनं पिवळ्या केल्या. नऊच्या नऊ ओळी नऊशे चारच्या होत्या. नऊ आठवडे, नऊ बुधवार, दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटं.

प्रत्येकीच्या खाली त्याच तीन ओळी होत्या. नऊशे तीनमधून दार उघडण्याचं बटण दाबलं गेलं. खालचं दार ढकललं गेलं. बावीस सेकंदांनी दार लागलं.

म्हणजे कुणीतरी रिकाम्या घराचं बटण दाबत होतं आणि एक शब्द बोलत नव्हतं. आणि वर ताईच्या कानात माझा आवाज पडत होता, मागच्या मंगळवारचा: ताई, मी आहे गं, उघड.

“नऊशे तीनमध्ये कोण राहतं?” भिंगनं विचारलं.

मी सांगितलं. तिनं पडदा बंद केला नाही, पण त्याच्याकडे बघायचं थांबवलं.

५

घाबरण्याआधी मी विचार केला. तो माझा धंदाच आहे.

बटण अडकत असेल. पण अडकलेलं बटण वार बघत नाही. दार ढकलल्याची खूण चुकीची येत असेल, वाऱ्यानं वगैरे. पण नऊही वेळा ताईनं बटण दाबल्यावरच? कुणी चोर असेल, त्याला ही फट ठाऊक असेल. तर मग नऊ वेळा येऊन त्यानं चोरलं काय? उलट नळ दुरुस्त केला.

वॉचमनला विचारलं, बुधवारी पावणेचारला तुम्ही कुठे असता? म्हणाला, दर बुधवारी साडेतीन ते चार इमारतीच्या मागे आगीचा पंप चालवून बघतो. नियमच आहे. तेवढा वेळ लॉबीत कुणी नसतं.

आणखी एक गोष्ट होती, ती मी भिंगला सांगितली नाही. आतून बाहेर पडणाऱ्याची नोंद आमची यंत्रणा ठेवत नाही. ती सोय मी दिलीच नव्हती, गरज वाटली नव्हती. म्हणजे नऊ वेळा कुणी आत गेल्याचं लिहिलेलं होतं. बाहेर आल्याचं एकदाही नव्हतं.

मंगळवारी ताईकडे गेलो तेव्हा माझी पाचावर धारण बसली होती. आधी सगळी कपाटं उघडून बघितली, उगाच ‘चादर कुठे ठेवलीस’ विचारत. ताई खुर्चीत बसून माझ्या पावलांचा आवाज ऐकत होती.

“काय शोधतोयस?”

“ताई, यंत्रात बिघाड आहे. खालचं बटण दाबून कुणी बोललं नाही, तरी माझा आवाज वाजतो. उद्या दुपारी माझा आवाज आला तर उघडू नकोस. तो मी नसेन.”

ती “बरं,” म्हणाली.

ताई ‘बरं’ म्हणते तेव्हा ऐकलंय असा अर्थ होतो. पटलंय असा नाही. हे मला लहानपणापासून माहीत आहे, तरी मी ते तिथेच सोडलं, कारण फोन वाजत होता.

६

दुरुस्ती चार ओळींची होती. किती बाइट आले ते बघायचं, शून्य असतील तर पुढे काही पाठवायचं नाही. जागा मोकळी करताना आधी तिच्यातलं सगळं पुसायचं. मग पत्ता पुसायचा. भिंगनं रात्रभर चाचण्या चालवल्या आणि बुधवारी बारा वाजता मी नवा प्रोग्राम त्या इमारतीच्या सर्व्हरवर चढवला.

पत्ता पुसल्यावर नऊशे चारच्या बटणानं मुळात काही करायलाच नको होतं. त्याचा दिवासुद्धा लागायला नको होता.

साडेतीनला मी लॉबीत आतल्या बाजूला बाकावर बसलो. वॉचमन पंपाकडे गेला. बाहेर रस्त्यावर लख्ख ऊन होतं, काचेतून सगळं दिसत होतं. समोरच्या दुकानाचं अर्धं शटर, एक उभी सायकल, पॅनेलची कड. मांडीवर लॅपटॉप ठेवून मी नोंदी बघत होतो.

तीन चाळीसला नऊशे चारचा दिवा लागला.

पॅनेलसमोर कुणी नव्हतं. हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. ऊन सरळ फरशीवर पडलं होतं आणि फरशी मोकळी होती. पॅनेल सहा सेकंद ऐकत राहिलं, आलेला माणूस बोलेल म्हणून थांबतं तसं. पडद्यावर ओळ उमटली: शून्य बाइट, सोडून दिले. पुढे काही गेलं नाही. वर काही वाजलं नाही. दुरुस्ती चालली.

मग काचेचं दार हललं. जोरात नाही. कडी लागलीये का बघायला आपण दार नुसतं दाबून बघतो, तितपत. एकदा, आणि थोड्या वेळानं पुन्हा एकदा. कडी लागलेली होती. दिवा विझला.

मी उठू शकलो तेव्हा चार वाजून गेले होते. वॉचमन फडक्याला हात पुसत आला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “पाणी देऊ का, साहेब?”

७

वर गेलो तर ताईचं दार लोटलेलं होतं. आत ती खुर्चीत बसली होती, समोर दुसरी खुर्ची, मध्ये स्टुलावर चहाचे दोन कप. दोन्ही निवलेले.

“आज आला नाही,” ताई म्हणाली. मी बोलायच्या आतच. मीच आलोय हे तिला कळलं होतं.

“कोण?”

“तू काहीतरी केलंस ना?”

मी समोरच्या खुर्चीत बसणार होतो, पण बसलो नाही. पलंगाच्या कडेवर टेकलो. “ताई, तुला माहीत होतं? तो मी नाही, हे?”

“मी आंधळी आहे रे, बहिरी नाही. पहिल्या दिवशी फसले. खाली आवाज तुझा होता, उघडलं. पण आत आला आणि कळलं. तू आलास की आधी किल्ल्या टेबलावर पडतात, मग फोन पडतो, मग तू पडतोस. तो नुसता येऊन बसला.”

“आणि तू ओरडली नाहीस?”

“ओरडून करू काय? नववा मजला. आणि ओरडण्यासारखं त्यानं काही केलं नाही.”

“मग करतो काय?”

“बसतो. मी बोलते, तो ऐकतो. कितीही वेळ. मधेच म्हणतो, मी आहे गं.”

“कुणाच्या आवाजात?”

“तुझ्या.” ती जरा शोधत राहिली. “तुझ्याच, पण उरलेल्या.”

मी तिला कधी प्रोग्राम समजावून सांगितला नव्हता. उरलेला हा शब्द तिचा तिनं काढला. माझ्या अंगावर काटा आला, आणि त्याहून जास्त म्हणजे रडू आलं. वर, या खोलीत, ना पॅनेल आहे ना सर्व्हर. माझा आवाज इथे वाजवायला काहीच नाही.

“हात लावलास कधी?”

“तो लावतो. जाताना. गार असतो हात, पण पंख्याखाली बसून होतोच की गार.”

“ताई, तो माणूस नाहीये.”

“मी विचारलं नाही.” ती पदराशी चाळा करत होती. “बारक्या, तू येतोस ते मला पुरतं असं तुला वाटतं. मी तसं कधी म्हटलं नाही, कारण तू धावतपळत येतोस, तुझे हाल मला दिसतात. पण नळाचं एकदाच बोलले त्याच्याजवळ. तर त्यानं उठून केला. मग तुला मुद्दाम सांगितलं, तूच केलास म्हणून. वाटलं, हो म्हणशील. हो म्हणाला असतास तर मी तेच धरून चालले असते.”

“मी शब्द दिला होता तुला. ओळखीच्या आवाजाशिवाय कुणी वर येणार नाही.”

“मग पाळलास की. आवाज ओळखीचाच होता.”

“ताई, ती चूक होती.”

“कुणाची?”

“माझी.”

“तुझी ना? मग माझ्याकडून का काढून घेतोस?”

मी तिला सामान भरायला सांगितलं, आजच आमच्याकडे चल म्हणालो. हात जोडले, तिला दिसत नाहीत हे विसरून. ती हलली नाही. निघताना मी दोन्ही कप विसळून ठेवले. एक भरलेला होता, काठोकाठ. दुसऱ्यात ताईचा अर्धा उरला होता.

मला तिचा राग आला होता. आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटत होता, पण कुणाचा, ते स्वतःशी बोलायचं धाडस नव्हतं.

८

त्यानंतर मी मंगळवारी आणि शुक्रवारी दीड-दीड तास बसलो. फोन बंद करून. ताई नीट बोलायची, हवापाणी, बातम्या, माझ्या बायकोची पाठदुखी. पाहुण्याशी बोलतात तसं. गप्पा संपल्या की ती शांत व्हायची आणि मी निघेपर्यंत शांत राहायची.

दोन आठवडे गेल्यावर भिंगनं नोंदी आणून दिल्या. मी मागितल्या नव्हत्या.

“सर, बुधवारच्या बघा.”

तीन चाळीस, नऊशे चार, शून्य बाइट, सोडून दिले. इथपर्यंत ठीक. पुढची ओळ तीन एकेचाळीसची होती. नऊशे तीनमधून दार उघडण्याचं बटण दाबलं गेलं. खालून कुणाचा आवाज गेलेला नाही, वर काही वाजलेलं नाही. ताईनं आपणहून दाबलं होतं. दार ढकललं गेलं, आणि बावीस सेकंदांनी लागलं. आदल्या बुधवारी तेच. त्याच्या आदल्या बुधवारी, मी खाली हरल्यासारखा बाकावर बसून होतो त्या दिवशी, मात्र नाही.

“यात काही करता येईल?” मी विचारलं.

“हा बग नाही, सर. घरातल्या माणसानं आतून दार उघडलंय. ते उघडायलाच हवं.”

करता येण्यासारखं होतं. नऊशे तीनचं बटण बुधवारी दुपारी चालणार नाही, अशी एक ओळ घालायची. मी ती लिहिलीसुद्धा. बोट बटणावर ठेवून बराच वेळ बसलो. मग माझ्या लक्षात आलं की मी माझ्या मोठ्या बहिणीला बाहेरून कडी घालतोय. मी ओळ खोडली.

९

पुढच्या बुधवारी मी ऑफिसातून अडीचलाच निघालो. कुणाला सांगितलं नाही. माझं देखभालीचं कार्ड वापरून मागच्या दारानं आत गेलो आणि जिन्यानं चढलो, नऊ मजले, दर दोन मजल्यांना थांबत. लिफ्टचा आवाज ताईला ऐकू जातो. वर पोचलो तेव्हा चार वाजायला दहा मिनिटं होती. खालून पंपाची घरघर येत होती.

नवव्या मजल्याच्या बोळात दोन्ही टोकांना खिडक्या आहेत. भरपूर उजेड असतो. नऊशे चारच्या दाराला बाहेरून कुलूप होतं, त्यावर धूळ. नऊशे तीनचं दार लोटलेलं होतं, चार बोटं फट. आत ताई हसत होती. मी तिचं असं हसू डोळे गेल्यापासून ऐकलेलं नव्हतं. पोटातून, श्वास पुरत नाही असं. तिला खोकला लागला, आणि मग पाण्याचा पेला स्टुलावर ठेवल्याचा आवाज आला. पेला तिनं ठेवला नव्हता. तिचे दोन्ही हात मला फटीतून दिसत होते, मांडीवर.

मी पुढे होऊन फटीला डोळाच लावला.

ताई माझ्याकडे तोंड करून बसली होती. तिच्या समोरच्या खुर्चीची पाठ माझ्याकडे होती. खुर्चीच्या वर डोकं दिसत होतं, थोडं पुढे झुकलेलं, ऐकणाऱ्याचं. केस मागे विरळ झालेले, दोन भोवरे. स्वतःच्या डोक्याची मागची बाजू माणसाला दिसत नाही. न्हावी आरसा धरतो तेव्हा दिसते तेवढीच, आणि मी दर वेळी ‘ठीक आहे’ म्हणून मान वळवतो. तेवढ्यावरून ओळख पटली असं म्हणणं बरोबर नाही. मला पटली.

ते डोकं वळेल म्हणून मी थांबलो की वळू नये म्हणून, सांगता येणार नाही. ते वळलं नाही. माझ्या पायाखाली फरशीवर खडा कचकला आणि ताईचं बोलणं थांबलं. तिनं चेहरा कलता केला, सरळ दाराकडे. तिला कळलं होतं. मला वाटलं ती हाक मारेल. बारक्या म्हणेल, आणि मी दार ढकलून आत जाईन, मग काय व्हायचं ते होऊ दे.

खुर्चीतून आवाज आला. “कोण आहे गं?”

आवाज माझा होता. पण हे शब्द मी त्या पॅनेलवर कधी बोललो नव्हतो, कुठल्याही मंगळवारी, कुठल्याही शुक्रवारी. हे कुठे उरलेलं नव्हतं.

“कुणी नाही रे,” ताई म्हणाली. “मंगळवार-शुक्रवारचा आहे तो.”

मी दार ओढून घेतलं, हळूच, आवाज न करता.